७७ जणांचा जीव घेतला आणि शिक्षा फक्त २१ वर्षं? ब्रेव्हिकची पूर्ण गोष्ट

नमस्कार मंडळी. एक फोटो तुम्ही कधी ना कधी बघितलाच असेल, दर एकदोन वर्षांनी कोणीतरी तो परत फॉरवर्ड करतं. एक खोली, भिंतीवर टीव्ही, व्हिडिओ गेम, बाजूला व्यायामाची मशीन, आणि खाली लिहिलेलं असतं की ७७ माणसं मारणारा इथे राहतो आणि त्याला शिक्षा झाली फक्त २१ वर्षं. मग कमेंटमध्ये सगळे तुटून पडतात, हा काय न्याय आहे का, याला भर चौकात फाशी द्यायला पाहिजे वगैरे. खरं सांगू, पहिल्यांदा बघितला तेव्हा मीपण त्यातलाच एक होतो. नंतर जरा वाचत गेलो आणि लक्षात आलं की फोटो खरा आहे, ७७ खरा आहे, २१ पण खरा आहे, पण तिन्ही एकत्र करून जे सांगितलं जातं ते जवळजवळ उलटं आहे. आज तेच बोलूया. व्हिडिओत हिंसेचे उल्लेख आहेत, लहान मुलं आजूबाजूला असतील तर हेडफोन लावा.

तर माणसाचं नाव अँडर्स बेहरिंग ब्रेव्हिक. जन्म १३ फेब्रुवारी १९७९, नॉर्वेची राजधानी ओस्लो. वडील परराष्ट्र खात्यात अधिकारी, आई नर्स. पोरगं वर्षाचं झालं आणि दोघं वेगळे झाले, आई त्याला घेऊन ओस्लोत राहिली. आता ही पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. हा चार वर्षांचा असताना, म्हणजे १९८३ मध्ये, आईनेच मदत मागितली होती म्हणून सरकारी बालमानसोपचार केंद्रात या कुटुंबाला काही आठवडे तपासलं गेलं. तिथल्या तज्ज्ञांनी स्पष्ट लिहिलं की या घरात मुलाची वाढ नीट होणार नाही, त्याला दुसऱ्या कुटुंबात ठेवा. वडिलांनी ताबा मागून बघितला, कोर्टाने मूल तूर्त आईकडेच राहू दे म्हटलं, वडिलांनी नाद सोडला, आणि पोरगं तिथेच राहिलं. मी असं म्हणत नाही की तेव्हा हलवलं असतं तर हे सगळं टळलं असतं, असं कोणीच सांगू शकत नाही, आणि वाईट बालपण असलेली लाखो माणसं कोणाला चापटसुद्धा मारत नाहीत. पण तो कागद लिहिला गेला होता एवढं लक्षात ठेवा, कारण या केसमध्ये असे वेळेवर लिहिलेले आणि नंतर पडून राहिलेले कागद अजून येणार आहेत.

पुढचं पटकन सांगतो. शाळेत असताना भिंतींवर ग्राफिटी करायचा, पकडला गेला, त्या सुमारास वडिलांनी संबंध तोडले. मोठा झाल्यावर काही वर्षं प्रोग्रेस पार्टी म्हणून तिथला उजवा पक्ष आहे त्यात होता, तिथे काही फार जमलं नाही. मग इंटरनेटवरून खोट्या डिग्र्या विकायचा धंदा केला आणि त्यात मात्र भरपूर पैसे कमावले. २००६ मध्ये, सत्तावीस वर्षांचा घोडा, परत आईच्या घरी राहायला आला आणि खोलीत बसून महिनोन्महिने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळत बसला. आता गेम खेळला म्हणून खुनी झाला असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, ते बघू नका. गेमच्या बरोबरीने तो काय वाचत होता ते जास्त कामाचं आहे. युरोपवर मुसलमान कब्जा करणार आहेत आणि आपलेच डावे पुढारी त्यांना दार उघडून देतायत, ही सगळी थिअरी तो इंटरनेटवरून गोळा करत होता आणि स्वतःची सेना, स्वतःचा गणवेश, स्वतःची पदकं असं सगळं डोक्यात उभं करत होता. त्यातून दीड हजार पानांचा एक जाहीरनामा तयार झाला, ज्यातला बराचसा मजकूर दुसऱ्यांचा उचललेला आहे. म्हणजे कॉपी पेस्ट.

हत्यारांसाठी हा आधी २०१० मध्ये प्रागला गेला, तिथे चोरबाजारात मिळतील असं त्याला वाटलेलं, हात हलवत परत आला. आणि मग काय केलं? नॉर्वेतच रीतसर लायसन्स काढलं. शिकारीसाठी म्हणून रायफल, नेमबाजी क्लबचा मेंबर म्हणून पिस्तूल. सगळं कायदेशीर. २०११ च्या वसंतात रेना नावाच्या गावाजवळ एक शेत भाड्याने घेतलं, शेतीच्या नावाने कंपनी होतीच, त्यामुळे खताची मोठी ऑर्डर गेली तेव्हा कोणाला काही वावगं वाटलं नाही. तिथे काय केलं त्याच्या तपशिलात मी जाणार नाही, त्याची गरजपण नाही.

२२ जुलै २०११, शुक्रवार. जुलै म्हणजे नॉर्वेत सुट्टीचा महिना, अर्धं ओस्लो गावाला गेलेलं असतं. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी सरकारी कार्यालयांच्या भागात, पंतप्रधानांचं ऑफिस असलेल्या उंच इमारतीच्या अगदी पायाशी उभ्या केलेल्या पांढऱ्या व्हॅनमध्ये स्फोट झाला. ८ माणसं गेली. पंतप्रधान येन्स स्टोल्टनबर्ग त्या वेळी ऑफिसात नव्हते, घरून काम करत होते म्हणून वाचले. ती व्हॅन तिथपर्यंत पोचलीच कशी? तर ग्रुबेगाता नावाचा तो रस्ता गाड्यांना बंद करायला हवा हे २००४ पासून ठरलेलं होतं. २००४! सात वर्षं फाइल फिरत होती आणि रस्ता उघडाच होता. हा झाला दुसरा कागद.

आता तिसरा. स्फोटाच्या थोडं आधी रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाला एक पोलीस दिसला, हेल्मेट घातलेलं, हातात पिस्तूल, आणि हा पोलीस एकटाच चालत जाऊन एका साध्या गाडीत बसून निघून गेला. त्या माणसाला ते विचित्र वाटलं म्हणून त्याने गाडीचा नंबर टिपून ठेवला. स्फोट झाल्यावर दहाएक मिनिटांत त्याने पोलिसांना फोन करून सगळं सांगितलं, गाडी कुठली, नंबर काय, माणूस कसा दिसत होता. फोन घेणाऱ्या बाईंनी ते एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि नेऊन ऑपरेशन लीडरच्या टेबलावर ठेवलं. आणि ती चिठ्ठी तिथेच पडून राहिली. वीसेक मिनिटं. फोन वाजतायत, गोंधळ, शहरात अजून बॉम्ब असतील का याची भीती, आणि खुन्याच्या गाडीचा नंबर टेबलावर पिवळ्या कागदावर लिहिलेला आहे आणि तो माणूस ओस्लोच्या ट्रॅफिकमधून त्याच गाडीने शांतपणे बाहेर पडतोय. नॉर्वेत "पिवळी चिठ्ठी" एवढं म्हटलं तरी आजही लोकांना कळतं कशाबद्दल बोलताय.

(इथे नकाशा दाखवायचा, ओस्लो ते उटोया)

हे उटोया. ओस्लोपासून ३८ किलोमीटरच्या आसपास, टिरिफियोर्ड नावाच्या तळ्यातलं छोटंसं बेट, काठापासून साधारण सहाशे मीटर. स्टोल्टनबर्ग यांच्याच डाव्या लेबर पार्टीच्या युवक संघटनेचं हे बेट, १९५० पासून त्यांच्याकडे आहे, दर उन्हाळ्यात तिथे शिबिर भरतं. तंबू, फुटबॉल, गाणी, राजकारणाच्या चर्चा. स्टोल्टनबर्ग स्वतः पोरसवदा असल्यापासून तिथे जायचे. त्या दिवशी बेटावर साडेपाचशेच्या वर माणसं होती, बहुतेक सगळी कोवळी पोरं. सकाळी माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड भाषण द्यायला येऊन गेल्या होत्या, त्या ब्रेव्हिकच्या मारायच्या यादीत होत्या, पण हा पोचेपर्यंत त्या निघाल्या होत्या.

ओस्लोतल्या स्फोटाची बातमी बेटावर पोचली होती, पोरं घाबरून घरी फोन करत होती, ज्यांचे आईवडील त्या ऑफिसांमध्ये कामाला होते त्यांची तर काय अवस्था असेल. आणि अशा वेळी काठावर पोलिसाच्या वेशात एक माणूस येतो आणि म्हणतो की ओस्लोत बॉम्ब झालाय म्हणून सुरक्षेची तपासणी करायला आलोय. एमएस थोरब्योर्न नावाच्या त्यांच्याच फेरीबोटीने त्याला पलीकडे नेलं. पोलीस आलाय म्हटल्यावर हायसंच वाटणार ना कोणालाही. पाच वीसच्या सुमारास पहिली गोळी झाडली गेली.

पुढचा सव्वा तास मी वर्णन करून सांगणार नाही. फक्त दोन गोष्टी. एक, तो पोरांना हाका मारायचा की मी पोलीस आहे, बाहेर या, आणि लपलेली पोरं त्या गणवेशावर विश्वास ठेवून बाहेर यायची. दोन, जी पोरं थंडगार पाण्यात उडी मारून पोहत सुटली त्यांना वाचवायला समोरच्या काठावरच्या कॅम्पिंगमधली साधी माणसं, सुट्टीवर आलेले टूरिस्ट, आपापल्या छोट्या बोटी घेऊन गेले. गोळ्या चालू असताना. परत परत गेले.

आणि पोलीस? हेलिकॉप्टर होतं पण त्याचा क्रू सुट्टीवर होता. ओस्लोचं खास पथक रस्त्याने निघालं, काठाला पोचलं, तर तिथे जी बोट होती ती रबरी, त्यात एवढी माणसं आणि सामान चढलं की पाणी शिरून इंजिनच बंद पडलं, शेवटी खासगी लोकांच्या बोटींतून जायची वेळ आली. मधल्या वेळात ब्रेव्हिकने स्वतः दोनदा पोलिसांना फोन केला होता की मी शरण येतोय, आणि फोन ठेवून परत गोळीबार सुरू केला होता. साडेसहाच्या सुमारास पथक त्याच्यासमोर आलं तेव्हा त्याने गुपचूप हात वर केले. दुसऱ्यांवर झाडायला गोळ्या होत्या, स्वतःवर एक ओरखडा नको होता.

बेटावर ६९ जण गेले. ओस्लोतले ८ धरून ७७. काही जण तर फक्त १४ वर्षांचे.

वर्षभराने सरकारनेच नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, अ‍ॅलेक्झांड्रा बेक योर्व नावाच्या वकीलबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. त्यात काही झाकलेलं नाही. तो रस्ता वेळेत बंद केला असता तर ओस्लोतला हल्ला टाळता आला असता, पोलीस बेटावर आधी पोचू शकले असते, आणि हल्लेखोराला लवकर थांबवणं शक्य होतं, असं सरळ लिहून टाकलं. पोलीसप्रमुखांनी तीन दिवसांत राजीनामा दिला.

बरं, आता कोर्ट. १६ एप्रिल २०१२ ला ओस्लोत खटला सुरू झाला. पहिल्याच दिवशी जगभरातल्या पत्रकारांना धक्का बसला कारण सरकारी वकील उठून ब्रेव्हिकजवळ गेले आणि त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. त्याने आत आल्या आल्या मूठ उगारून सलाम ठोकला होता तो भाग वेगळा. मग त्याचा स्वतःचा प्रचाराचा व्हिडिओ कोर्टात दाखवला आणि हा ढसाढसा नाही पण डोळे पुसत रडला. ७७ माणसांसाठी नाही, स्वतःच्या व्हिडिओवर.

आणि आता हे ऐका. दुसऱ्या दिवशी कळलं की पाच न्यायाधीशांपैकी एकाने, तिथे सामान्य नागरिकही न्यायाधीश म्हणून बसतात त्यातला हा एक, हल्ल्याच्या वेळी फेसबुकवर लिहिलं होतं की याला फाशीच योग्य. तुम्ही आम्ही लिहितो तसंच. त्याला त्याच दिवशी खटल्यातून काढलं. नॉर्वेत शांततेच्या काळातली फाशी १९०५ मध्येच गेली, आणि युद्धकाळासकट पूर्ण रद्द झाली १९७९ मध्ये. म्हणजे हा जन्मला त्याच वर्षी. तर फाशीचा प्रश्नच नव्हता, पण आधीच मत बनवलेला माणूस खुर्चीत नको, समोर ब्रेव्हिक असला तरी नको.

खटल्यातला खरा वाद तर अजून उलटा होता. गुन्हा त्याने कबूलच केलेला, मीच केलं, फक्त गुन्हेगार नाही म्हणे. प्रश्न एवढाच की डोकं ठिकाणावर होतं का. पहिल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं स्किझोफ्रेनिया आहे, लोक भडकले, मग दुसरे दोन नेमले, त्यांनी सांगितलं वेडा नाही. आणि मग सरकारी वकील म्हणतायत याला वेडा ठरवून हॉस्पिटलात टाका, आणि आरोपी म्हणतोय मी शहाणा आहे मला शिक्षा द्या! कारण वेडा ठरला असता तर त्याचं सगळं तत्त्वज्ञान कचऱ्यात, तेच त्याला सहन होणार नव्हतं.

दहा आठवडे खटला चालला आणि मेलेल्या प्रत्येकाचा शवविच्छेदन अहवाल वाचला गेला, त्यानंतर त्या व्यक्तीचा फोटो आणि ती कशी होती याबद्दल चार ओळी. ७७ वेळा. एक दिवस एका मृताच्या भावाने उठून ब्रेव्हिकच्या दिशेने बूट फेकला, लागला त्याच्या वकीलबाईंना, आणि कोर्टात काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. या सगळ्यात मला सगळ्यात अवघड काम वाटतं ते त्याचा मुख्य वकील गाइर लिप्पेस्टाड याचं. हा स्वतः लेबर पार्टीचा सदस्य. म्हणजे ज्या पक्षाची पोरं मारली त्याच पक्षाचा माणूस मारणाऱ्याची बाजू मांडतोय.

२४ ऑगस्ट २०१२ ला निकाल. पाचही न्यायाधीश एकमत, आरोपी शहाणा आहे, आणि शिक्षा २१ वर्षं "फोरवारिंग".

हां, इथे थांबा, सगळा गैरसमज या एका शब्दात आहे. नॉर्वेत साधी कैद असते तिची तेव्हाची कमाल मर्यादा २१ वर्षं, ती संपली की माणूस सुटतो. फोरवारिंग ही वेगळी शिक्षा आहे, समाजाला धोका असलेल्या माणसासाठी. यात २१ वर्षं संपत आली की कोर्ट बघतं अजून धोका आहे का, असेल तर एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षं वाढवतं. मग परत बघतं, परत पाच. किती वेळा वाढवायचं याला मर्यादा नाही. त्यामुळे ती २१ वर्षं म्हणजे सुटकेची तारीख नाहीच मुळी, पहिल्यांदा मुदत वाढवायची की नाही हे ठरवायची तारीख आहे. मरेपर्यंत आत ठेवता येतं. फक्त नॉर्वे ते आधीच लिहून देत नाही, दर वेळी कोर्टाला कारण द्यावं लागतं. किमान १० वर्षं त्याला सुटकेचा अर्जसुद्धा करता येणार नव्हता.

आता तुरुंग. आधी ईला तुरुंग, ओस्लोच्या जवळ, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी हीच जागा ग्रिनी नावाची छळछावणी म्हणून वापरली होती. मग शीएनचा तुरुंग. २०१२ मध्येच त्याचं तक्रारीचं लांबलचक पत्र बाहेर आलं, कॉफी थंड येते, मॉइश्चरायझर मिळत नाही. २०१४ मध्ये प्लेस्टेशन २ नको ३ पाहिजे, नाहीतर उपोषण करीन. हे वाचून हसू येतं, पण या सगळ्या सोयींमागे एक कारण आहे ते फोटोत दिसत नाही. त्याला बाकीच्या कैद्यांपासून वेगळं ठेवलंय, वर्षानुवर्षं. बाकीच्यांना जे मैदानात, वर्गात, वर्कशॉपमध्ये मिळतं ते याला एकट्याला म्हणून खोल्या जास्त. माणसं नाहीत त्याच्या बदल्यात ट्रेडमिल, असा तो हिशोब आहे.

आणि याच मुद्द्यावर २०१६ मध्ये त्याने सरकारवर केस केली. सुनावणी कोर्टात नाही, शीएन तुरुंगाच्या जिममध्ये, आणि आल्या आल्या नाझी सलाम. आणि तो जिंकला! न्यायाधीश हेलेन आंडेनेस सेकुलिच यांनी निकाल दिला की एवढा काळ एकांतात ठेवणं, कपडे उतरवून वारंवार झडत्या घेणं हे युरोपियन मानवाधिकार कराराच्या कलम ३ चं उल्लंघन आहे, अमानुष वागणूक देता येत नाही म्हणजे दहशतवाद्यालाही देता येत नाही. वकिलाचा खर्च, तीन लाख तीस हजार क्रोनरच्या आसपास, तोही सरकारने द्यायचा. हे वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं हे मान्य करतो. पण गंमत बघा, मार्च २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, सुप्रीम कोर्टाने अपील घेतलंच नाही, आणि २०१८ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयानेही त्याची तक्रार फेटाळली. प्रत्येक ठिकाणी त्याचं ऐकून घेतलं आणि मग नाही म्हटलं. ओस्लो विद्यापीठातसुद्धा त्याला राज्यशास्त्राला प्रवेश मिळाला, कोठडीतून शिकायचं, कारण मार्क होते आणि नियमात कैद्याला शिकता येतं. मधल्या काळात नावपण बदललं, फ्योटोल्फ हान्सेन.

एक गोष्ट मात्र नॉर्वेलाही थांबवता आली नाही. त्याचा तो कॉपी पेस्ट जाहीरनामा. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने ब्रेव्हिकचं नाव प्रेरणा म्हणून घेतलं. म्हणून जेव्हा तो म्हणतो की मला बाहेर पत्रं पाठवू देत नाहीत, माझ्या पत्रव्यवहारावर बंधनं आहेत, तेव्हा ती का आहेत हे वेगळं सांगायला नको.

दहा वर्षं झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये सुटकेचा पहिला अर्ज. डोक्याचं टक्कल, सूट, हातात गोऱ्या वंशाच्या घोषणांचे फलक, परत तोच सलाम, आणि म्हणे मी आता हिंसा सोडली. १ फेब्रुवारीला कोर्टाने नाही म्हटलं. त्याच वर्षी त्याला रिंगेरिके तुरुंगात हलवलं. जानेवारी २०२४ मध्ये परत सरकारवर केस, परत एकांतवास, या वेळी सुनावणीत रडला, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणाला. तो व्हायरल फोटो आहे ना, त्यातले बरेचसे या वेळचे. दोन मजले, स्वयंपाकघर, एक्सबॉक्स, आणि पिंजऱ्यात तीन बजरीगर पक्षी, कारण त्याने पाळीव प्राणी मागितला होता. आणि दुसरीकडे, दोन आठवड्यांतून एकदा तासभर दोन कैद्यांशी भेट. कोर्टाने फेब्रुवारीत केस फेटाळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुटकेसाठी दुसरी सुनावणी, डिसेंबरमध्ये परत नाही. नकार आला की वर्षभराने परत अर्ज करता येतो, तो करत राहणार, त्याच्याकडे दुसरं काम काय आहे.

उटोयावर पुढचे तीन उन्हाळे शिबिर भरलं नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात परत सुरू झालं. तिथलं कॅफेचं जे घर होतं, ज्यात १३ जण मारले गेले, ते पाडायचं की ठेवायचं यावर बराच वाद झाला, शेवटी त्याचा तो भाग तसाच ठेवून भोवती नवीन लाकडी घर बांधलं. आतले खांब ६९. बाहेरच्या बाजूने लाकडी पट्ट्यांची रांग आहे, ती ४९५, बेटावरून जिवंत परतलेल्या प्रत्येकासाठी एक.

(परत नकाशा)

आणि हे बघा, रिंगेरिके तुरुंग कुठे आहे. याच टिरिफियोर्डच्या काठाला. तो आत बसून पुढच्या अर्जाचे कागद तयार करतोय, आणि उन्हाळा आला की त्याच तळ्यात शिबिराची पोरं बोटीत बसून बेटावर जातात. बोट तीच आहे, थोरब्योर्न.